चि. अनघास, तिकिटाबद्दल

बार्शी

चि. अनघास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर लोकसभेच्या तिकिटाचं सांगितलंस आणि मी नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला, त्याचा तुला राग आला असणार. कुसुम शेजारीच बसली होती, तिच्यासमोर काय बोलायचं? तरी तिनं ऐकायचं ते ऐकलंच. संध्याकाळी दळण आणायला गेले तर गिरणीवाला म्हणाला, "काकू, आता दिल्लीला जाणार म्हणे तुम्ही!" आनंद झाला गं, खोटं कशाला बोलू. नाना असते तर पक्षाची यादी लागायच्या आत पेढे वाटून मोकळे झाले असते.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. आणि बंड्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, हे ठरवूनच बसले आहे.

तू म्हणालीस, पडद्यावरची माणसं काय कमी गेली दिल्लीत? गेली की. आपले अमोल कोल्हे 2019 ला शिरूरमधून गेले. गोविंदानं 2004 ला राम नाईकांसारख्या माणसाला पाडलं आणि पुढच्या निवडणुकीला उभाच राहिला नाही. अमिताभ 1984 ला अलाहाबादहून निवडून आला आणि तीन वर्षांत बोफोर्सच्या धुरळ्यात राजीनामा देऊन घरी परतला. या सगळ्यांचं मी पेपरात वाचलं तेवढंच. जवळून पाहिला तो एकच, सुनील दत्त. तो आमचा खासदार होता.

अंधेरीची खोली तुला आठवते की नाही, कोण जाणे. 1984 ची निवडणूक. तू एवढीशी, बंड्या पोटात. समोर राम जेठमलानी, केवढा मोठा वकील. पण नानांचं मत आधीच ठरलेलं: "आपल्या खात्याचा माणूस आहे." फाळणीत झेलमकडचं घरदार सोडून आलेला हा मुलगा मुंबईत जयहिंद कॉलेजात शिकता शिकता बेस्टमध्ये नोकरी करत होता, याचा नानांना कोण अभिमान! रेडिओ सिलोन, मग 1955 चा पहिला सिनेमा, 'मदर इंडिया'च्या सेटवर आगीत उडी घेऊन नर्गिसला बाहेर काढणं, हे सगळं त्यांच्या लेखी नंतरचं. डेपोत कुणी नवीन आला की त्याला हे ऐकावंच लागायचं.

तेव्हा तो निवडून आला म्हणून लोक म्हणाले, सिनेमावाला आहे, इंदिराबाईंच्या हत्येची लाट आहे. असेलही. पण त्याच्या आधीची तीन वर्षं बघ. 3 मे 1981 ला नर्गिस कॅन्सरनं गेली आणि पाचव्या दिवशी मुलाचा, संजयचा, पहिला सिनेमा थिएटरला लागला. माणूस कोलमडला असता. यानं तिच्या नावानं कॅन्सरच्या रुग्णांसाठी काम उभं केलं. इथल्या हॉस्पिटललाही तिचंच नाव आहे. माईंना शेक द्यायला नेत होतो, तेव्हा दारावरची ती पाटी मी रोज वाचायचे. मुंबईला टाटामध्ये न्यायचं तर राहायचं कुठे, हा आमचा पहिला प्रश्न होता. तो इथे पडला नाही. माई डबा खाऊन संध्याकाळी आपल्या अंथरुणावर असायच्या. तू निवडून आलीस तर असं काही बघ. रस्ते-गटारं काय, सगळेच करतो म्हणतात.

आणि पायी फिर. 1987 ला पंजाब पेटलेला असताना तो मुंबईहून अमृतसरला चालत गेला, दोन हजार किलोमीटर, 78 दिवस. बरोबर प्रिया, लेक. पायांना फोड आले तरी थांबला नाही. तुला गाडीतून उतरून सोसायटीच्या गेटपर्यंत जायचं तर सँडल टोचते. सकाळी लवकर ऊठ. लोक बोलत असताना मोबाईल बघायचा नाही. मालिकेत रडतेस तसं सभेत रडायचं नाही, बायकांना लगेच कळतं. खादी नेसायची तर नीट स्टार्च करून...

बघ, लागले शिकवायला. राहू दे. तू स्वतःच्या जिवावर मुंबईत उभी राहिलीस, मला त्यातलं काय कळतंय.

पण 1993 मला विसरता येत नाही. जानेवारीत दंगलीपायी नानांच्या बस बंद, जोगेश्वरीच्या बाजूनं धूर दिसायचा, तुम्हा दोघांना मी खिडकीपाशी जाऊ देत नव्हते. दत्त तेव्हा वस्त्यांमधून मदत घेऊन फिरत होता. आपलंच सरकार असून माणसं वाचवता येत नाहीत म्हणून त्यानं खासदारकीचा राजीनामा पाठवला. असं किती जण करतात? आणि एप्रिलमध्ये बॉम्बस्फोटांच्या प्रकरणात त्याच्याच मुलाला विमानतळावर अटक. टाडा, तो दहशतवादाविरुद्धचा कायदा. चाळीत त्या दिवशी कुणी त्याच्या बाजूनं बोललं नाही. ज्यांच्या घरी त्याचा फोटो होता तेही नाही.

मग तो दारोदार फिरला गं. दिल्लीत स्वतःच्या पक्षाच्या लोकांकडे. तिथून फार काही हाती लागलं नाही. शेवटी ज्यांच्या पक्षाशी आयुष्यभर लढला, त्या बाळासाहेबांकडे मातोश्रीवर गेला. त्यांनी मुलाची बाजू घेतली, तेही खरं. ऑक्टोबर 1995 ला सुप्रीम कोर्टाचा जामीन मिळाला. पुढच्या दोन निवडणुका तो लढलाच नाही. लोक म्हणाले वाकला. नाना म्हणायचे, "बाप झालास की कळेल." मला नानांचं पटतं. मुलानं केलं ते चूकच, ते पुढे कोर्टानंही म्हटलं, पण बापानं काय करायचं असतं?

हेच मला सांगायचं होतं. तुझा स्वभाव वाकायचा नाही. लहानपणी चुकी नसताना "सॉरी म्हण" म्हटलं की दोन दोन दिवस जेवायची नाहीस. उद्या कुणी टेंभुर्णीचं ते सगळं उकरून काढलं आणि तुला कुणाच्या तरी दारात हात जोडून उभं राहायची वेळ आली, तर? आज तिकीट देणारे त्या दिवशी फोन उचलतील का? बंड्या आता नीट आहे. दुकानावर वेळेवर जातो, तारखेला स्वतःहून जातो. पण बातमीवाल्यांना त्याचं आत्ताचं नको असतं.

काढायचा नव्हता विषय. निघालाच.

दत्तचं पुढे बरं झालं, 1999 ला आला, 2004 ला पुन्हा आला आणि वीस वर्षांनी एकदाचं मंत्रिपद मिळालं, युवक आणि क्रीडा. पंचाहत्तरीच्या माणसाला युवक खातं! वर्षभरात, 25 मे 2005 ला झोपेतच गेला. मुलाच्या खटल्याचा निकाल त्याला बघायला मिळाला नाही. आदल्याच वर्षी की काय, बापलेकांचा तो 'मुन्नाभाई' आम्ही थिएटरात पाहिला होता. शेवटी मुलगा बापाला मिठी मारतो तिथे नाना चष्मा पुसत बसले. मी विचारलं नाही.

तर तू उभी राहू नकोस, असं मी म्हणत नाही. राहा. ओवीला माझ्याकडे पाठवायची असेल तर परीक्षा झाल्यावर लगेच पाठव. सुधीररावांचं मत काय ते तू सांगितलंच नाहीस.

काल मी बाजारातून येताना देशमुख वकिलांकडे सहज डोकावले. ते म्हणाले, अर्जाबरोबरच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःवरचे खटले आणि नवरा-मुलांची मालमत्ता लिहावी लागते, भावाचं काही लिहावं लागत नाही. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. तरी त्यांनी चहा मागवला आणि "बंडू कसा आहे?" म्हणून विचारलं.

अर्ज भरायच्या दिवशी मला यायचं आहे. रात्रीच्या एसटीनं निघेन. बंड्याही येतो म्हणतोय, नवा शर्ट शिवायला टाकलाय त्यानं. त्याला आणू का नको, ते मला फोनवर नको, लिहून कळव.

तुझी,
आई