विजेचा कार्बन मोजताना युनिट कुठले धरता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग पुरवणाऱ्या, कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांकडे (ओतकाम कारखानदारांकडे) हल्ली एक तक्ता येतो : विकत घेतलेल्या विजेपोटी वर्षात किती टन कार्बन डायऑक्साइड झाला, ते भरून द्या. सेबीने आघाडीच्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा केला; त्याची झळ आता छोट्या पुरवठादारांपर्यंत आली आहे. मालक तक्ता अकाउंटंटकडे सरकवतो, अकाउंटंट सल्लागाराकडे.

वास्तविक हा एका गुणाकाराचा हिशेब. ग्रिडमधून घेतलेले युनिट गुणिले केंद्रीय वीज प्राधिकरण दरवर्षी जाहीर करते तो गुणांक. २०२३-२४ चा गुणांक युनिटमागे ०.७२७ किलो आहे. आदल्या वर्षी तो ०.७१६ होता; सौरऊर्जेचा एवढा गाजावाजा होऊनही वाढलाच.

गोची युनिटमध्ये आहे. उच्चदाब ग्राहकांना महावितरण केव्हीएएचवर (प्रत्यक्ष कामी न येणारा भारही धरून मोजलेल्या युनिटवर) आकारणी करते आणि बिलात नजर आधी त्याच आकड्यावर जाते. गुणांक मात्र केडब्ल्यूएचला, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या विजेच्या नेहमीच्या युनिटला, लावायचा असतो. समजा, इंडक्शन फर्नेस असलेल्या कारखान्याला महिन्याला २,००,००० केव्हीएएचचे बिल आले आणि पॉवर फॅक्टर (केडब्ल्यूएचचे केव्हीएएचशी प्रमाण) ०.९५ आहे. म्हणजे खरे युनिट १,९०,०००. चुकीच्या आकड्याने १४५ टन निघतात, बरोबर आकड्याने १३८. सात टन विनाकारण आपल्या माथी, तेही दर महिन्याला!

छतावर सोलर असलेल्यांचे उलटे होते. नेट मीटरिंगमध्ये निर्यात वजा जाऊन जे युनिट उरतात, तेवढेच ते तक्त्यात भरतात. पण सुटीच्या दिवशी ग्रिडला दिलेल्या विजेने रात्रपाळीला भट्टीसाठी घेतलेली वीज स्वच्छ होत नाही. ग्रिडमधून घेतलेली वीज, म्हणजे आयात, पूर्णच धरावी लागते. जनरेटरचे डिझेल यात घालू नये, ते थेट उत्सर्जनाच्या रकान्यात जाते.

‘आपली वीज कोयनेची, तिचा कसला कार्बन?’ हे तर चहाच्या टपरीवरही ऐकू येते. डिसेंबर २०१३ मध्ये दक्षिणेचे ग्रिड जोडले गेल्यापासून देशाचे ग्रिड एकच आहे. कोयनेचे पाणी आणि चंद्रपूरचा कोळसा एकाच हौदात पडतात, म्हणून गुणांकही एकच. जादा पैसे मोजून हरित वीज घेणाऱ्याने तिचा फायदा जरूर दाखवावा, पण कराराप्रमाणे निघणारा आकडा वेगळा लिहून. ग्रिडच्या सरासरीचा आकडा त्याच्या शेजारी द्यावाच लागतो.

उद्योजक संघटनांनी एवढ्या गोष्टी मांडून एक मराठी तक्ता तयार करावा आणि सभासदांना फुकट द्यावा. महावितरणनेही मार्चच्या बिलावर वर्षभराची केडब्ल्यूएच आयात एका ओळीत छापावी. बारा बिले शोधत बसण्याचा ताप तरी वाचेल.

— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर