काकांची पेटी

नागपूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे वडील, आमचे फौजी काका, गेल्यापासून त्यांची लोखंडी पेटी तशीच बंद ठेवलीय, असं तू कळवलंस. ती उघड. त्यांच्यावर लिहायला बसशील तेव्हा ‘शूर, प्रेमळ, मनमिळाऊ’ हे शब्द नकोत. ते कुणालाही लागू पडतात. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, समोर घे. भरतीची तारीख, कोर्स, बढत्या त्यात सापडतील. एका वहीत मधोमध रेघ मार. डावीकडे फौज, उजवीकडे घर. 1966, गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटमध्ये भरती. समोर लिही, तेव्हा शेत कोण पाहत होतं. डिसेंबर 1971, पलटण पूर्व आघाडीवर. समोर, काकूंना पत्र किती दिवसांनी मिळालं. तुझा जन्म, आजोबांचं आजारपण, ताईचं लग्न, यातल्या कोणत्या वेळी ते घरी होते, हे दोन्ही बाजू भरल्यावर दिसेल. मग नातवाच्या शाळेच्या फाटकाशी ते रोज पंधरा मिनिटं आधी का उभे राहायचे, हे वेगळं लिहावं लागणार नाही.

उजवी बाजू काकूंकडून आत्ताच भरून घे. ‘आठवणी सांग’ म्हटलंस तर त्या गप्प बसतील. एकेक तारीख वाच आणि विचार, ‘आई, तेव्हा आपण कुठल्या घरात होतो?’ घर आठवलं की माणसं आपोआप येतात.

पदकांना ब्रासो पॉलिश लावू नकोस, चमक येईल पण कडेवर ठोकलेला नंबर, हुद्दा आणि नाव झिजत जाईल, आणि पदक काकांचंच आहे हे त्या अक्षरांवरूनच कळतं. कोरड्या मऊ कापडाने पुसलं की पुरे. फ्रेम केलीस तर पश्चिमेच्या खिडकीसमोर टांगू नकोस. नागपूरच्या मे महिन्यात फितीचे रंग उडतात. ‘पूर्वी स्टार’ आणि ‘संग्राम पदक’ ही दोन पदकं शेजारी-शेजारी ठेव. पहिलं पूर्व आघाडीवर लढणाऱ्यांना मिळालं, दुसरं 1971च्या युद्धाच्या काळात सेवेत असलेल्या कितीतरी जणांना. नातवाला हा फरक सांग.

आता काकूंचं काम, ते थांबायला नको. मृत्यूची नोंद 21 दिवसांत झाली पाहिजे. दाखल्याच्या पाच-सहा प्रती घे. मग ‘स्पर्श’ या फौजेच्या पेन्शन पोर्टलवर मृत्यू कळवून कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करायचं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), काकूंचं आधार, पॅन आणि बँक पासबुक जवळ ठेव. काका सत्तरीच्या पुढचे होते, त्यामुळे वाढीव दर लागू होणार नाही. साधा दर, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. मृत्यूनंतरच्या दिवसांचं पेन्शन खात्यात आलं तर काढू नका, नंतर वसुली होते.

काम अडतं ते बहुतेक नावावर. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. डिस्चार्ज बुकात माहेरचं, आधारवर सासरचं. काकूंचंही तसंच असेल तर प्रतिज्ञापत्र करून कामठीच्या गार्ड्स रेकॉर्ड ऑफिसकडून नोंद दुरुस्त करून घे. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते. काकूंना सोबत ने, सह्या त्यांच्याच लागतील. येताना वही बरोबर असू दे. कामठीहून परतताना त्या बोलतील.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
मित्र