उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी गार करा, मग रुग्णालयात न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शर्यतीत एखादा धावपटू कोसळल्याच्या बातमीत ‘त्याला तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले’ हे वाक्य हमखास असते आणि ते वाचून संयोजकांनी करायचे ते केले, असे आपल्याला वाटते. मैदानावरील वैद्यकीय पथकात काम करणारा वाचक म्हणून मला या समजुतीविषयीच लिहायचे आहे, कारण कोसळण्यामागे श्रमामुळे झालेला उष्माघात असेल, तर रुग्णवाहिकेची हीच घाई खेळाडूच्या जिवावर बेतू शकते.

या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि मेंदूचे काम बिघडू लागते. यकृत, मूत्रपिंड आणि मेंदू यांची हानी किती होणार, हे पारा किती चढला यापेक्षा तो किती वेळ चढलेला राहिला यावर अधिक अवलंबून असते. म्हणून कोसळल्यापासून साधारण अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांच्या आसपास उतरवणे हाच खरा उपचार आहे आणि तो मैदानावरच व्हायला हवा. श्वास आणि नाडी चालू असल्याची खात्री करून खेळाडूला बर्फ घातलेल्या पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसवावे, डोके धरून ठेवावे आणि पाणी सतत ढवळत राहावे. न ढवळल्यास अंगालगतचे पाणी कोमट होते व थंडावण्याचा वेग घटतो. टब नसेल तर चौघांनी ताडपत्रीचे कोपरे उचलून तिच्यात गार पाणी धरावे. तेही जमत नसेल तर बर्फाच्या पाण्यात बुडवलेले टॉवेल सर्वांगावर टाकून दर दोन-तीन मिनिटांनी बदलावेत. कपाळावरची ओली पट्टी किंवा काखेतला बर्फाचा तुकडा एवढ्यावर भागत नाही. पॅरासिटामॉलचाही उपयोग नाही, कारण हा संसर्गाचा ताप नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑगस्टच्या उकाड्यात होणाऱ्या फाल्मथ शर्यतीच्या १८ वर्षांच्या नोंदी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत उष्माघाताचे २७४ रुग्ण होते, त्यांना जागच्या जागी गार पाण्यात उतरवण्यात आले होते आणि त्यांपैकी एकही दगावला नाही.

मात्र उपचाराआधी ओळख पटायला हवी आणि तिथेच गफलत होते. उष्माघातात कातडी कोरडी पडते, असे आपण ऐकत आलो आहोत. उन्हाच्या झळांत घरातच असलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरे असते, पण धावता धावता कोसळलेला खेळाडू बहुधा घामाने निथळत असतो आणि तेवढ्यावरून ‘साधी चक्कर आहे’ असा निष्कर्ष काढला जातो. काख, कपाळ, कान किंवा तोंड इथे घेतलेले तापमानही अशा वेळी फसवे निघते. विश्वासार्ह मोजमाप गुदद्वारातूनच मिळते, आणि त्याचा संकोच पडद्याआड सहज सोडवता येतो. थर्मामीटर हाताशी नसेल तर वागणे पाहावे. एरवी शांत असणारा खेळाडू अकारण चिडतो, भलत्याच दिशेने धावू लागतो, गुण किती झाले ते त्याला सांगता येत नाही. उकाड्यात जोरदार श्रमानंतर असे दिसले, तर उष्माघात गृहीत धरून गार करायला लागावे. याउलट भान शाबूत असेल आणि नुसता अशक्तपणा, मळमळ किंवा घेरी असेल, तर सावलीत पाय उंच करून आडवे करणे आणि घोट घोट पाणी देणे बहुधा पुरते.

एका बाबतीत मात्र फार सावध राहायला हवे. काही धावपटू तहान नसतानाही पाणी पीत राहतात, त्यामुळे रक्तातील सोडियम घसरते आणि मेंदूला सूज येऊन डोकेदुखी, उलट्या व गोंधळ अशी उष्माघातासारखीच लक्षणे दिसतात. शरीराचे तापमान चढलेले नसताना अशी लक्षणे असलेल्या खेळाडूला आणखी पाणी पाजणे किंवा सरसकट सलाईन लावणे घातक ठरू शकते.

थंडीतही पहिली खूण वागण्यातच असते. आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की पाय अडखळतात, बोबडी वळते, बोटांना साधी चेन लावता येत नाही. हुडहुडी थांबली म्हणजे बरे वाटू लागले, असे समजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय, कारण थंडी वाढत असताना कुडकुडणे बंद होणे हे शरीराची उष्णता निर्माण करण्याची ताकद संपत आल्याचे लक्षण असते. ओले कपडे काढावेत, वाऱ्यापासून आणि जमिनीपासूनही आडोसा द्यावा, शुद्धीत असल्यास गोड गरम पेय द्यावे. हातपाय चोळू नयेत. स्थिती गंभीर असेल तर आडवेच ठेवून अलगद हलवावे, कारण हिसक्याने हृदयाची लय बिघडू शकते. हिमदंश झालेली बोटेही चोळायची नसतात आणि पुन्हा गोठण्याचा धोका असेल तर ती शेकायचीही नसतात.

चीनच्या गान्सू प्रांतात २२ मे २०२१ रोजी १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारपीट, पाऊस आणि वारा यांनी गाठल्यामुळे १७२ पैकी २१ धावपटू मृत्युमुखी पडले. वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट त्या शर्यतीच्या सक्तीच्या सामानात नव्हते. तिथे सहा जणांचे प्राण वाचवले ते एका मेंढपाळाने, गुहेत शेकोटी पेटवून. संयोजकांच्या परवानगीपत्रात रुग्णवाहिकांची संख्या विचारली जात असेल, तर टब, बर्फ, योग्य थर्मामीटर आणि शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हेही विचारले जावे. उष्णतेची तयारी करायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेव्हा सुट्टीनंतरच्या पहिल्याच दिवशी पूर्ण सराव घेणाऱ्या प्रशिक्षकांनाही जाब विचारायला हवा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी देताना खेळाडूचे तापमान कोणत्या पद्धतीने मोजले आणि त्याला गार करायला किती मिनिटांत सुरुवात झाली, हे दोन प्रश्न संयोजकांना विचारून उत्तरांसह छापावेत.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक