आप्पांच्या माऊसचं चाक

स्टुटगार्ट, रविवार

तीर्थरूप आप्पा व आईस साष्टांग नमस्कार,

आम्ही मजेत, आठे भलती थंडी शे, बाकी सगळं ठीक. हे पत्र मी छोटूला व्हॉट्सॲपवर पाठवून राहिलो आणि त्याला सांगितलंय की दुकानाच्या प्रिंटरवर छापून आप्पांच्या हातात दे, कारण कॉम्प्युटरवर उघडलं तर पहिल्या चार ओळींच्या खाली तुम्ही जाणारच नाही आणि मला फोन कराल की पत्र अर्धंच का पाठवलं.

परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं मी. उधारीची यादी खाली न्यायला चाक फिरवता तर यादी दोन ओळी खाली जाते आणि टुणकन परत वर उडते, आणि मग तुम्ही माऊस काउंटरवर आपटता. आपटू नका आप्पा, आपटून ट्रान्झिस्टर रेडिओ चालू व्हायचा तो जमाना गेला. चोपडा गावातला तो दुरुस्तीवाला न उघडताच नवीन घ्या म्हणाला ना, त्याचं सोडून द्या. आधी एकच करा, तोच माऊस छोटूच्या लॅपटॉपला लावून बघा. तिथेही तसंच उड्या मारत असेल तर दोष माऊसचा, कॉम्प्युटरला उगाच शिव्या नका घालू.

माझ्या इथल्या माऊसचं मागच्याच महिन्यात हेच झालं. इथे रविवारी दुकानं बंद असतात, नवीन आणायचा म्हटलं तरी सोमवारपर्यंत थांबायचं, म्हणून काढला पेचकस. आधी स्क्रूच सापडेनात. माऊस उलटा केला तर खाली ज्या गुळगुळीत पट्ट्या चिकटवलेल्या असतात ना, ज्यांच्यावर तो सरकतो, त्यांच्या आड लपवलेले. नखाने अर्धी पट्टी उचलायची, पूर्ण ओढून काढली की परत नीट चिकटत नाही (माझी एक वाकडीच बसली, आता माऊस थोडा लंगडतो). झाकण निघालं आणि आत बघतो तर चाकाच्या आसाला केसांचा गुंता, सूनबाईंचे लांब केस, चातीला सूत गुंडाळावं तसे. मी म्हटलं हे बघ तुझं काम, तर ती म्हणे आधी तुमचे बिस्किटाचे तुकडे बघा. तेही होते.

तुमच्या माऊसमध्ये मात्र केस नसणार, कापूस असणार. दसरा-दिवाळीनंतर दुकानासमोर कापसाच्या गाड्या तोलायला लागल्या की रुईचा तो बारीक कचरा हवेतच असतो, काउंटरवर, वहीवर, तुमच्या मिशीवरसुद्धा, मग माऊसच्या फटीतून आत जायला त्याला किती वेळ लागतो?

आता चाक कसं चालतं ते सांगतो, म्हणजे तुम्ही स्वतःच दोष शोधाल. जुन्या माऊसमध्ये चाकाला बैलगाडीच्या चाकासारखे आरे असतात, एका बाजूने डोळ्याला न दिसणारा उजेड सोडलेला असतो आणि पलीकडे तो बघणारे दोन डोळे. आरा आडवा आला की अंधार, सरकला की उजेड, तेवढंच तो मोजतो, आणि दोनपैकी कोणत्या डोळ्यावर आधी अंधार आला त्यावरून त्याला कळतं की चाक वर फिरलं की खाली. मध्ये कापसाचा पुंजका अडकला की मोजणी चुकली. तसं असेल तर ब्रशने झटकून फुंकर मारली की काम झालं, थुंकी न उडवता फक्त.

पण हल्लीच्या स्वस्त माऊसमध्ये बहुतेक उजेडबिजेड नसतो, चाकाच्या एका टोकाला एक छोटी चौकोनी डबी असते आणि तिच्यात पत्र्याच्या बारीक जिभा घासत फिरतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल, विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरचे पॉइंट काळे पडले की मोटार कशी धडधड करून सुटते, तसंच हे. जिभांवर मळ बसला की कनेक्शन तुटक लागतं आणि माऊसला वाटतं तुम्ही उलटं फिरवलं. तुमचं यादी वर उडणं मला तरी याच जातीचं वाटतं. पण आप्पा, स्टार्टरचे पॉइंट घासता तसा पॉलिश पेपर इथे अजिबात आणू नका, आणि रॉकेल तर नाहीच, मला माहितीये तुमचा हात आधी तिकडेच जातो. सॅनिटायझरही नको, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते चिकट राहतं. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे आयपीए म्हणून बाटली असते, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याच्याकडून झाकणभर मागून आणा. वायर कॉम्प्युटरमधून काढलेली पाहिजे, डबीच्या फटीत एक-दोन थेंब सोडा, चाक चाळीस-पन्नास वेळा पुढे-मागे फिरवा, आणि पूर्ण वाळू द्या, मगच जोडा. एवढं करूनही उडत असेल तर जिभा झिजल्या समजा, मग खुशाल नवीन घ्या, मी काही बोलणार नाही.

चाक काढायच्या आधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझी स्प्रिंग उडाली ती थेट हीटरखाली, अर्धा तास पोटावर झोपून पट्टीने खरवडत होतो, आणि दारातून सूनबाई म्हणे, अगदी आप्पा.

दुकानातला तो पहिला माऊस आठवतो का, खाली रबरी गोळी असलेला? आतल्या रोलरवर काळा मळ साचायचा आणि तुम्ही आगपेटीच्या काडीने खरवडून तो ग्राहकाला दाखवायचे, की बघा केवढा निघाला. परवा वाचलं, तसला गोळीचा माऊस इथल्याच टेलिफुंकन कंपनीने १९६८ सालीच काढला होता. आणि अमेरिकेत एंगेलबार्ट नावाच्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून १९६४ मध्ये जो पहिला बनला तो लाकडी ठोकळा होता, त्याला चाकं होती पण पोटाखाली दोन. बोटाने फिरवायचं वरचं चाक घराघरात पोचलं ते १९९६ नंतर.

आईला सांगा, बामणोदची वांगी आली असतील तर भरीत करा पण फोटो पाठवू नका, इथे जीव जळतो. इथली वांगी भाजली की नुसतं पाणी सुटतं. कळण्याचं पीठ संपत आलंय, जानेवारीत चुलतभाऊ येणार आहे त्याच्यासोबत दोन किलो द्या.

आणि माऊस उघडाल तेव्हा छोटूला टॉर्च धरायला बसवा, पेचकस त्याच्या हातात देऊ नका. आतून किती कापूस निघाला त्याचा फोटो मात्र नक्की पाठवा.

तुमचा,
मोठा