लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टरांना, भूलतज्ज्ञांकडून

सिस्टर,

ऑपरेशन नीट पार पडलं की आईबाप सर्जनचे हात धरतात, कधी आमचेही. पण टेबलावर मुलाची साखर सांभाळायचं काम तुम्ही आदल्या रात्रीच सुरू केलेलं असतं. म्हणून हे जाहीर आभार.

"उपाशी आहे ना?" असं तुम्ही विचारत नाही, त्याला सगळेच हो म्हणतात. तुम्ही विचारता, "शेवटचं काय खाल्लं? किती वाजता?" मग आजीने चहात बुडवून भरवलेलं बिस्कीट बाहेर येतं. जेवणाला 6 ते 8 तास, वरच्या दुधाला 6, अंगावरच्या दुधाला 4, पाणी-साखरपाण्याला 2. हे सगळ्यांना पाठ असतं, तरी "रात्री बारानंतर काही देऊ नका" असा सरसकट हुकूम सुटतो आणि यादीतलं तिसरं मूल दुपारपर्यंत कोरडं राहतं. तान्ह्याच्या यकृतात साखरेचा साठा थोडा आणि मेंदूची गरज मोठी. तुम्ही सकाळीच थिएटरला फोन करून नंबर विचारता आणि त्या हिशोबाने शेवटचं साखरपाणी पाजता. याचं मोल आम्हाला सगळ्यात जास्त आहे.

भूल दिल्यावर साखर उतरली तर कळायला मार्ग नसतो. गुंगी भुलीत लपते, झटके स्नायू सैल करणाऱ्या औषधात लपतात. उरतो तो रक्ताचा थेंब. तुम्ही तो ग्लुकोजचं सलाईन चालू असलेल्या हातातून घेत नाही, स्पिरिट वाळू देता, पहिला थेंब पुसता, बाळाची टाच कडेला टोचता. सलाईनच्या हातातून घेतला असता तर उतरलेली साखरही चढलेली दिसली असती.

मोठ्या मुलांना ऑपरेशनमध्ये बहुधा ग्लुकोज लागत नाही. शरीरावरच्या ताणाने साखर आपसूक चढते, नुसतं रिंगर लॅक्टेट, म्हणजे क्षारांचं बिनसाखरेचं सलाईन, पुरतं. तान्ही, कुपोषित, प्रोप्रानोलॉल (साखर उतरवू शकणारं औषध) चालू असलेली मुलं मात्र वेगळी. त्यांच्यासाठी 500 मिली रिंगर लॅक्टेटमधून 20 मिली काढून 25 टक्के डेक्स्ट्रोजचे (म्हणजे ग्लुकोजचेच) 20 मिली घातले की 1 टक्का ग्लुकोजचं सलाईन होतं. कमी सोडियमचं, 5 टक्के डेक्स्ट्रोजचं सलाईन भराभर सोडलं तर साखर चढते, सोडियम उतरतं, मेंदूला सूज येते. साखर 70 च्या खाली गेली तर 10 टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे 2 मिली, आणि पंधरा मिनिटांत पुन्हा तपासणी. (नवजात बाळांचा आकडा वेगळा.) 25 टक्क्यांच्या 4 मिलीत 6 मिली डिस्टिल्ड वॉटर घालून ट्रेमध्ये तयार ठेवता, तेही तुम्हीच. 25 टक्के थेट दिलं तर नाजूक शीर खराब होते.

टाइप 1 मधुमेहाच्या मुलाचं दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन "आज उपाशी आहे" म्हणून तुम्ही बंद होऊ देत नाही. ते थांबलं की कीटोन, म्हणजे रक्त आम्लधर्मी करणारे पदार्थ, वाढतात. शिरेतून थेंबाथेंबाने इन्सुलिन सोडणाऱ्या पंपासाठी 50 युनिट 50 मिली सलाईनमध्ये घालायचे, तर मिलीला 40 युनिटच्या बाटलीतून सव्वा मिली काढावं लागतं. मिलीला 100 युनिटची नारिंगी टोपीची सिरिंज लावून त्यावरच्या रेघा मोजल्या तर 50 च्या जागी 20 च युनिट जातात. तुम्ही 40 युनिटची लाल टोपीचीच सिरिंज घेता, दुसऱ्या सिस्टरला दाखवता आणि लेबलवर दोघींची सही करता.

मूल वॉर्डात परतल्यावरही तुमचा नोंदींचा कागद चालूच असतो. सलाईन एकदम न काढता तुम्ही ते हळूहळू कमी करता, आणि शेवटच्या ओळीत वेळ घालून लिहिता: बाळ अंगावर प्यायलं.