कनवटीची पाचशेची नोट : सांगलीच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी,
सांगली.

सविनय नमस्कार.

मी बँकेत रोखपाल होतो. ३१ वर्षं नोटा मोजल्या. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण गावच्या आठवडा बाजारात संध्याकाळी चहाच्या टपरीवर बसलो की कुणी ना कुणी नोट घेऊन येतंच. "काका, बगा की जरा, खरी हाय न्हवं?" बहुतेक वेळा खरीच असते. गेल्या महिन्यात नव्हती. त्या नोटेचं पुढं काय झालं ते आपल्या कानावर घालायचं म्हणून हे पत्र.

तासगाव भागातनं वडापच्या जीपनं येऊन भाजी विकणारी एक आक्का आहे. साठीची असेल. कनवटीला खोचलेली पाचशेची नोट तिनं माझ्यापुढं उलगडली. दिवेलागणीला एका गिऱ्हाइकानं ७० रुपयांची गवार-वांगी घेतली, पाचशेची नोट दिली, ४३० परत घेतले आणि मोटारसायकलला किक मारून गेला. नंतर ती शेजारच्या मिरचीवालीकडं सुट्टे मागायला गेली, तर मिरचीवालीनं नोट परत केली. "आक्का, ह्यो कागुद येगळा लागतोय."

मिरचीवालीला कुणी शिकवलेलं नाही, पण तिनं पकडलं ते अगदी बरोबर. खरी नोट कापसाच्या कागदाची असते. म्हणून तर विजारीच्या खिशात धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. गांधीजींचं चित्र, उजवीकडचा अशोकस्तंभ आणि दोन्ही कडांच्या तिरक्या रेघा कोरीव ठशावरनं जोरात दाबून छापलेल्या असतात, त्यामुळं शाई कागदावर उठून राहते. पाचशेच्या नोटेला अशा रेघा प्रत्येक बाजूला पाच. दोनशेला चार, आणि त्यांच्यामध्ये दोन गोल. हे केलंय दृष्टिहीनांसाठी, पण अंधार पडलेल्या बाजारात डोळसालाही तेवढाच आधार असतो. आक्काच्या नोटेवर रेघा दिसत होत्या, पण अंगठा फिरवला तर सगळं सपाट, शाळेच्या पुस्तकाच्या पानासारखं.

मग टपरीच्या बल्बखाली नोट तिरकी केली. खऱ्या नोटेतली पट्टी तिरकी केली की हिरव्याची निळी होते. खाली उजव्या कोपऱ्यातला रुपयाच्या चिन्हासकटचा ५०० चा आकडाही तसाच रंग बदलतो. ह्या नोटेतली पट्टी चमकत होती खरी, पण वाण्याकडच्या राखीच्या चमकीसारखी. हिरवी ती हिरवीच. उजेडासमोर धरल्यावर कोऱ्या जागेत गांधीजी दिसले. मात्र उजेडासमोर न धरताही ते तितकेच दिसत होते, म्हणजे कुणीतरी फिकट राखाडी रंगानं छापले होते. खरं जलचिन्ह कागद बनतानाच त्याच्या जाडीत उतरतं, ते आडव्या नजरेला असं दिसत नाही. शेवटी नंबर बघितला. खऱ्या नोटेवर पहिली तीन अक्षरं सारख्या मापाची असतात आणि पुढचे आकडे पायरीपायरीनं मोठे होत जातात. इथं सगळे आकडे एकाच उंचीचे, गणवेशातल्या पोरांसारखे रांगेत उभे.

तोवर टपरीवर हिशेब सुरू झाला होता. एकजण म्हणाला, आक्काचे ९३० गेले: पाचशेची नोट गेली आणि वर ४३० दिले. दुसरा म्हणाला, भाजी धरून हजार. ४३० रोख आणि ७० ची भाजी मिळून पाचशेच गेले, हे पटवायला मला अर्धा तास लागला, आणि चहाचे पैसेही माझ्याच अंगावर आले. पण खरं सांगायचं तर आक्काला ह्या गणितात काडीचाही रस नव्हता. पहाटे तीनला उठून जुडी-जुडी बांधलेल्या मालातनं दिवसाला जे चार पैसे सुटतात, ते त्या एका कागदात गेले होते.

मी सांगितलं, नोट बँकेत दे. पैसे मिळणार नाहीत, पण गळ्यातली धोंड तरी उतरेल. दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा जवळच्या शाखेत गेला. कोणती शाखा ते लिहीत नाही, कारण अशा शाखा अनेक आहेत आणि एकीलाच झोडण्यात अर्थ नाही. खिडकीवरच्या माणसानं नोट मशीनमध्ये घातली, मशीन वाजलं, त्यानं नोट परत सरकवली. "ही चालत नाही. घेऊन जा. इथं ठेवलीस तर पोलिसांचं लफडं व्हईल, कशाला पायजे तुला?"

साहेब, त्यानं दया म्हणून केलं असेल, पण ते नियमाच्या उलट आहे. रिझर्व्ह बँकेची सूचना स्पष्ट आहे. खिडकीवर बनावट नोट आली की ती कोणत्याही परिस्थितीत आणणाऱ्याला परत द्यायची नाही आणि फाडायचीही नाही. तिच्यावर बनावट नोटेचा शिक्का मारायचा, जप्त करायची, वेगळ्या रजिस्टरला नोंद घ्यायची आणि आणणाऱ्याला पोच द्यायची. पोचेवर त्यानं सही करायला नकार दिला तरीही पोच द्यायचीच. आणि एका व्यवहारात चारपर्यंत अशा नोटा सापडल्या, तर शाखेनं महिनाअखेरीस पोलिसांना एकत्र अहवाल पाठवायचा असतो. पाच किंवा त्याहून जास्त निघाल्या, तरच लगेच गुन्हा नोंदवायचा. एक नोट घेऊन गेलेल्या पोराला "लफडं" म्हणून भीती घालायचं काही कारणच नव्हतं.

आता कायद्याची बाजू बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १७९ प्रमाणे नोट खोटी आहे हे माहीत असून ती खरी म्हणून चालवणं हा गुन्हा आहे, आणि शिक्षा थेट जन्मठेपेपर्यंत जाते. खरी म्हणून चालवायच्या इराद्यानं जवळ बाळगली तर कलम १८०. कलम १८० खाली असंही स्पष्टीकरण आहे की नोट कायदेशीर मार्गानं हाती आल्याचं सिद्ध केलं तर गुन्हा होत नाही. पण गवारीचं बिल कोण देतं? शुक्रवारपर्यंत आक्काला नोट खोटी आहे हे माहीत नव्हतं, तोवर ती निव्वळ फसवली गेलेली बाई होती. शनिवारी बँकेनं तिला खोटी आहे असं सांगितलं आणि तीच नोट हातात परत दिली. म्हणजे ती चालवली तर गुन्हेगार, न चालवली तर पाचशेला खड्डा. गरीब माणसाला ह्या पेचात उभं करायचं काम त्या खिडकीनं केलं. माझा राग नोट छापणाऱ्यावर आहेच, पण त्याहून जास्त ह्या खिडकीवर आहे.

हे मी हक्कानं लिहितोय, कारण मी स्वतः तेच केलेलं आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात ओळखीच्या एका गुरुजींच्या भरण्यात शंभराची खोटी नोट निघाली. गुरुजी घाबरले, हात थरथरायला लागले. मी नोट हळूच परत दिली आणि म्हणालो, "गुरुजी, जाळून टाका." मला वाटलं उपकार केले. ती नोट पुढं कुठं गेली हे मला आजही माहीत नाही. गुरुजींनी जाळली असेल, असं मी धरून चाललोय.

आक्कानं तिची नोट चुलीत घातली. त्यात एक गोष्ट संपली आणि एक राहून गेली. रिझर्व्ह बँक दरवर्षी अहवालात बनावट नोटांचा आकडा देते, तो बँकांच्या खिडकीत सापडलेल्या नोटांचा. पोलिसांनी आणि इतर यंत्रणांनी पकडलेल्या नोटा त्यात धरलेल्या नसतात, आणि आक्काच्या चुलीतली तर कुठंच नाही. त्या नोटेवरचा नंबर कुणीही टिपून घेतला नाही. त्याच नंबरच्या आणखी किती नोटा आपल्या जिल्ह्याच्या बाजारांत फिरतायत, हे म्हणूनच कुणी सांगू शकत नाही.

आपल्या जिल्ह्यात ही वेळ यावी ह्याची मला जास्त खंत वाटते. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाईवाले देशभर पसरलेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ पेठेत जा, सोनं आटवून त्याचा कस काढणारा माणूस आपल्याकडचा निघतो. ज्या मातीतली माणसं परमुलखात सोन्याचा खरेखोटेपणा सांगतात, तिथल्याच बाजारात पाचशेच्या नोटेचा कस काढायला एका म्हाताऱ्या रोखपालाला शोधावं लागतं.

लोकांना काहीच माहिती नाही असं नाही, उलट मोबाईलवर नको ती माहिती भरपूर येते. हिरवी पट्टी गव्हर्नरच्या सहीजवळ नसून गांधीजींच्या जवळ असेल तर नोट खोटी, असा निरोप मला स्वतःला किमान दहा जणांनी पाठवलाय. दोन्ही खऱ्या. नंबरात तारा असला की खोटी, हाही असाच. छापताना खराब झालेल्या नोटेच्या जागी जी बदली नोट घालतात तिच्यावर तारा असतो, आणि रिझर्व्ह बँकेनं जुलै २०२३ मध्ये त्याचा खुलासाही केलाय. आमच्या किराणा दुकानदारानं निळ्या दिव्याचं छोटं यंत्र आणलं, तर त्यात कपड्यांच्या पावडरीत धुतली गेलेली खरी नोट पांढरीशुभ्र चमकली आणि ती खोटी समजून त्यानं एका बिचाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानातनं हाकललं. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप आहे, ते १ जानेवारी २०२० ला आलं. दृष्टिहीनांसाठी फार चांगलं आहे, पण ते नोट कितीची हे सांगतं, खरी की खोटी हे सांगत नाही. लोक समजतात सांगतं.

"क्यूआर लावा, प्रश्नच मिटला" असं शहाणी माणसं सांगतात. आक्काच्या पाटीला क्यूआर लावलेला आहे. तो पोराच्या नावावर आहे. पैसे त्याच्या खात्यात जातात आणि तिथनं कुठं जातात ते आक्काला विचारू नका. म्हणून ती रोखच मागते.

आता मागणं. जिल्ह्यातल्या बँकांची जी सल्लागार समिती आहे तिचे अध्यक्ष आपण आहात. पुढच्या बैठकीत शाखांना एवढंच विचारा, की गेल्या वर्षात बनावट नोटेच्या किती पोच दिल्या. शून्य सांगणारी शाखा फार स्वच्छ आहे असं समजू नका. पोच मिळते असा फलक शाखेत लावणं बँकांवर बंधनकारक आहे. तो मराठीत, ठळक आणि रोखीच्या खिडकीशेजारी हवा, मॅनेजरच्या केबिनमागं नको. पोलीस अधीक्षकांशीही एकदा बोलावं, म्हणजे एक नोट घेऊन आलेल्या माणसाला ठाण्यात दिवसभर बसवून ठेवायची रीत मोडेल.

दुसरं बाजाराचं. दरवर्षी फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेचा आर्थिक साक्षरता सप्ताह असतो. भित्तिपत्रकं येतात आणि बँकेच्या काचेआड लागतात. आक्का त्या काचेआड कधी येत नाही. पण बाजारकराची पावती फाडणारा माणूस दर आठवड्याला तिच्यापर्यंत जातो, एकदाही चुकत नाही. त्या पावतीची मागची बाजू कोरी असते. तिथं चार ओळी छापा: कडेच्या रेघांवरनं अंगठा फिरवा, पट्टी तिरकी करून हिरव्याची निळी होते का बघा, उजेडासमोर धरा, शंका आली तर घेऊ नका. ह्यातली एकच खूण बघून भागत नाही, हेही लिहा. जुन्या, चुरगळलेल्या खऱ्या नोटेच्या रेघाही झिजतात, आणि मग लोक चांगल्या नोटेला नाकं मुरडतात. छपाईला ग्रामपंचायतीला वेगळा खर्चही नाही, पावत्या छापायच्याच असतात.

आणि दिवा. आमच्या बाजारात भाजीच्या रांगेवरचा खांब आहे, बल्ब नाही. खोटी नोट दुपारी बाराला कुणी चालवत नाही.

बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसायला आणि लोकांच्या हातात खरी नोट देऊन दाखवायला मी तयार आहे, मानधन नको. आपल्या कार्यालयाचं एक पत्र ग्रामपंचायतीला गेलं की झालं. फक्त टेबल पंचायतीचं असावं. माझ्या घरच्या टेबलाचा एक पाय मोडलेला आहे.

आपला,
एक निवृत्त रोखपाल
जि. सांगली