विषय: ब्लॅकस्टोनच्या दुसऱ्या खंडातला फाडून काढलेला तक्ता

व्यवस्थापक, दुर्मिळ ग्रंथ विभाग,

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला. यापुढे जे काही ते लेखी.

विल्यम ब्लॅकस्टोनच्या ‘कॉमेंटरीज ऑन द लॉज ऑफ इंग्लंड’चा दुसरा खंड, ऑक्सफर्ड, क्लॅरेंडन प्रेस, १७६६, पहिली आवृत्ती. वर्णनात तुम्हीच लिहिलंत: मूळ चामडी बांधणी, सांधे मजबूत, सर्व तक्त्यांसह संपूर्ण. खोका उघडला तर पुढचा पुठ्ठा कण्यापासून सुटलेला आणि सेलोटेपने चिकटवलेला. अडीचशे वर्षांच्या चामड्यावर सेलोटेप! त्याचा चिकटा आत मुरतो, ओढली की चामड्याचा वरचा थर सोलून येतो, हे तुम्हाला मी सांगायचं? कण्यावरून बोट फिरवलं की तांबडी भुकटी हाताला लागते. तरी बांधणीचं एकवेळ चालवून घेतलं असतं, ती दुरुस्त होते.

पण वारसाक्रमाचा घडीचा तक्ताच नाही. शिवणीजवळ त्याची बोटभर पट्टी उरलीय. इतर पानांच्या कडा तपकिरी आणि हिची फाटलेली कड पांढरी स्वच्छ, म्हणजे फाडलाय तो अलीकडेच. समोरच्या पानावर त्याच्या शाईची फिकट सावली अजून दिसते. तुमच्या वेबसाइटवरच्या फोटोत तर तो चक्क उलगडलेला आहे. मग फाडला कुणी?

हेच तुमच्या माणसाला विचारलं. म्हणाला, “सर, इतकं जुनं पुस्तक, थोडं फाटणारच.” मी सांगितलं, हा चिंध्यांपासून केलेला कागद आहे, आजच्या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ. पान गळालेलं नाही, ओढून काढलंय. त्यावर, “पण मजकूर पूर्ण आहे ना? एक चित्रच गेलंय.” चित्र! चौदाव्या प्रकरणात जॉन स्टाइल्स नावाच्या काल्पनिक माणसाची जमीन कुणाकुणाकडे जाईल, हे ब्लॅकस्टोन त्या तक्त्यातल्या आकड्यांवरूनच समजावतो. तक्ता नसेल तर ते आकडे घेऊन करायचं काय? हे सगळं मी आवाज न चढवता सांगितलं. पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली आणि उत्तर आलं, “सर, नेटवर पीडीएफ आहे. प्रिंट काढा आणि लावून टाका.”

लावून टाका! एक लाख चाळीस हजार रुपये मोजून घेतल्यावर हे उत्तर? आणि लावू कशाने, सेलोटेपने?

वकिलीला लागल्यापासून जुने लॉ रिपोर्ट्स तुमच्याकडूनच घेत आलो. तुमच्याकडची जुनी मंडळी पुस्तक हातात देण्याआधी पानं मोजायची, काही उणं असेल तर आतल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून द्यायची. त्या विश्वासावर मी न बघता पैसे भरले. फार वाईट वाटलं.

मालविक्री कायदा, १९३०, कलम १५: वर्णन करून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. पूर्ण रक्कम, दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च आणि तक्ता कधी, कुणी काढला याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत हवा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात भेटू. पट्टी, कडा, टेप, सगळ्याचे फोटो काढून ठेवलेत.

तक्ता तुमच्याच कुणाकडे असेल तर फ्रेम करून वेगळा विकू नका, पुस्तकात परत बसवून घ्या. आणि ती टेप दुकानात कुणाला ओढू देऊ नका. जुन्या चामड्याचं काम जाणणाऱ्या बाइंडरकडेच द्या.